एका दिवसापुरत्या ताया

कपाट उघडलं, पण मुलं पुढे येईनात. आतल्या खेळण्यांच्या खोक्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. एकाने हळूच विचारलं, हात लावायचा का? ताई म्हणाली, लावा की. तरी सगळी मोठ्या बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. मोठ्या बाई हसल्या, तेव्हा कुठे पहिलं खोकं फुटलं.

शाळा सुटल्यावर ज्यांना घरी बघायला कोणी नसे, ती मुलं संध्याकाळपर्यंत या हॉलमध्ये थांबायची. चाळीसेक मुलं आणि त्यांना सांभाळायला एकटी ताई. जोडीची बाई मागच्या वर्षी काम सोडून गेली, ती जागा भरलीच नाही. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्याकडे ताईने किती खेपा घातल्या. दर वेळी उत्तर ठरलेलं, जरा सांभाळून घ्या. पालथ्या घड्यावर पाणी. एकाला शूला न्यावं, तर मागे दोघांची जुंपलेली. ती सोडवावी, तर तिसरा गेटाकडे पळालेला. कोणाला ताप भरला तर दप्तरावर डोकं ठेवून निजवायचं, याहून जास्त काही तिच्या हातात नसायचं. गोष्टी, खेळ, अभ्यासात मदत, असं पालकांना सांगितलं जायचं खरं. ते सांगण्यापुरतंच.

आज तपासणी होती. म्हणून हॉल धुतला गेला, कपाटाची हरवलेली किल्ली सापडली आणि ऑफिसात काम करणाऱ्या दोघी जणी मदतनीस म्हणून उभ्या राहिल्या. त्यांना एकाही मुलाचं नाव माहीत नव्हतं. विचारतील तेवढंच बोलायचं, असं मोठ्या बाईंनी ताईला बाजूला घेऊन बजावलं. ताईने मान हलवली. नोकरी तिलाही हवीच होती.

तपासनीस बाई आल्या. नळ सोडून पाहिले. छोट्या खुर्चीवर कशाबशा बसून मुलांची चित्रं पाहिली. बाई काही वाईट नव्हत्या. आणि खरं सांगायचं तर हॉलही आज वाईट नव्हता. एक जण मुलांना हात धुवायला नेत होती, दुसरी ठोकळे लावून देत होती. ताई चक्क खाली सतरंजीवर बसली होती. कित्येक महिन्यांनी तिने एक गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. एक पोरगं ऐकता ऐकता तिच्या मांडीवर कलंडलं. दोन हात जास्त मिळाले की सगळं एवढं सोपं होतं. याचाच तिला जास्त संताप येत होता.

तपासनीस बाई निघाल्या, तेव्हा मुंगीने त्यांच्या पिशवीचा बंद धरला. मुंगी म्हणजे पहिलीतली सगळ्यात लहान मुलगी. भिंतीच्या कडेकडेने चालते म्हणून पोरांनीच ते नाव पाडलं होतं. एरवी तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे महाकठीण. आज तिने आपण होऊन विचारलं, तुम्ही उद्यापण याल?

तपासनीस बाई विरघळल्याच. किती गोड, म्हणाल्या. मोठ्या बाई लगेच सांगू लागल्या की इथली मुलं आहेतच लाघवी, वातावरणाचाच परिणाम तो.

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. दिवसभर ती मूग गिळून बसली होती. पण लहान पोरीला कोण गप्प करणार, आणि कोण कामावरून काढणार? ती मुंगीसमोर गुडघ्यांवर बसली. बाईंना सांग बघू, म्हणाली, त्या उद्या का यायला हव्यात? उत्तर तिला माहीत होतं. खेळणी मिळतात. दोन जास्तीच्या ताया येतात. ते एकदा या बाईंच्या कानांवर पडू दे.

मुंगीने ताईकडे पाहिलं. मग तपासनीस बाईंकडे पाहिलं.

"तुम्ही असल्यावर ताई ओरडत नाही," ती म्हणाली.

ऑफिसातल्या दोघींनी माना खाली घातल्या. ताईला कोणीतरी सणसणीत थोबाडीत दिल्यासारखं झालं. कालच तिने मुंगीला झापलं होतं, पाणी सांडलं म्हणून. पोरीला नुसतं पाणी प्यायचं होतं. मुंगी खोटं बोलली, असं म्हणणं अगदी सोपं होतं. लहान आहे, घाबरली असेल, काहीतरी बरळते. पण ते भाबडं तोंड समोर होतं, आणि त्याने विचारल्याचंच उत्तर दिलं होतं.

"खरं आहे तिचं," ताई म्हणाली. "ओरडते मी. रोज ओरडते. मला एकटीला एवढी सगळी..."

मोठ्या बाईंनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. हा प्रकार आत्ताच कळतोय, म्हणाल्या, यात जातीने लक्ष घालते. बोलता बोलता त्यांनी तपासनीस बाईंना दारापर्यंत नेलंसुद्धा. तपासनीस बाईंनी एकदा मागे वळून पाहिलं. थांबल्या मात्र नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यात आधी मुंगीला जवळ घेतलं आणि चुकलं माझं म्हणून सांगितलं. मुंगी अंग चोरून उभी राहिली. तेवढ्यात मागे कोणीतरी कोणाला तरी चावलं, आणि ताईचा आवाज पुन्हा चढला.

पुढे तपासणीचा निकाल आला. जागा उत्तम, स्वच्छता उत्तम, मदतनीस पुरेसे. सुधारणा एकच सुचवली होती, आणि मोठ्या बाईंनी ती तातडीने अमलात आणली. मुलांशी प्रेमाने कसं बोलावं, हे शिकायला त्यांनी ताईला दोन दिवस बाहेर पाठवलं.

ते दोन दिवस हॉलमध्ये मुलांजवळ कोणीच नव्हतं.