आठवं कलम

सरकारी साहेब तपासणीला येणार म्हणून मालतीनं आज बंब पेटवलाच नव्हता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. तिचे सासरे विठ्ठलराव पंचा लावून न्हाणीच्या दारात ताटकळत होते. आंघोळ झाल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहासुद्धा उतरत नसे.

गच्चीवरचा सौर बंब बसला होता वैशाखात आणि साहेब उगवले होते भर श्रावणात; तोवर विठ्ठलरावांची पहाटेची आंघोळ जुन्याच बंबावर चालू होती. किमतीचा तिसरा हिस्सा सरकार भरतं हे कळल्याबरोबर विठ्ठलरावांनी अर्ज आणला होता. उन्हावर पाणी तापवणारा दाजीबानपेठेतला पहिला माणूस मीच, असं ते दुकानोदुकानी सांगत सुटले होते. अर्ज कानडीत होता. उभा जन्म कानडीत गिऱ्हाइकं पटवण्यात गेला, तरी त्यांना कानडी वाचता येत नव्हतं. मालती धारवाडच्या कानडी शाळेतली. तिनं सगळा अर्ज वाचून दाखवला आणि आठवं कलम तेवढं गाळलं. सासऱ्यांनी ऐटीत सही ठोकली.

जयतीर्थ साहेब गच्चीवरून भिजत खाली आले. टाकी ठीक, नळ ठीक. मग त्यांनी विचारलं, जुना बंब कुठं आहे? तो आपल्यासमोर निकामी करायचा आहे.

विठ्ठलराव हसले. साहेब हसत नाहीत हे पाहून त्यांनी हसू आवरलं. बंब तांब्याचा आहे, वडिलांनी आणलेला आहे, पावसाळ्यात ऊन नसताना म्हाताऱ्यानं काय करायचं, असं सगळं त्यांनी हात जोडून सांगितलं. साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. आठवं कलम, आणि खाली तुमचीच सही. बंब ठेवायचा असेल तर ठेवा. सरकारी मदत परत जाईल आणि कचेरीच्या फळ्यावर तुमचं नाव लागेल.

ओसरीवर शेजारचे मुकुंदराव बसले होते. हा सोहळा बघायला विठ्ठलरावांनीच त्यांना पेढे खायला बोलावलं होतं.

विठ्ठलराव सुनेकडे वळले. "हे तू वाचलं नव्हतंस?"

"वाचलं होतं, मामंजी."

अकरा वर्षांपूर्वी याच दारात ती पिशवी हातात घेऊन उभी होती. रात्री तिचे अप्पा गेले होते, धारवाडहून माणूस निरोप घेऊन आला होता. तेव्हा विठ्ठलराव पंचा सावरत म्हणाले होते, "आधी बंब पेटव. मेलेला माणूस कुठं पळून जातोय?" लाकडं ओली होती. पाणी तापलं, त्यांची आंघोळ झाली, मग तिला जाऊ दिलं. ती पोचली तेव्हा दारात तिरडी बांधून उरलेली सुतळी तेवढी पडली होती. अप्पांचं तोंड तिला दिसलं नाही. त्यानंतरही रोज पहाटे ती बंब पेटवत आली होती, आणि एकही पहाट ती सुतळी विसरली नव्हती.

विठ्ठलरावांनी एकदा बंबाकडे पाहिलं, एकदा मुकुंदरावांकडे. "फोडा," ते म्हणाले.

पहार दाराआड होती. मालतीनं ती कालच आणून ठेवली होती. "अक्का, कुणातरी गड्याला बोलवा," साहेब म्हणाले, पण तिनं पदर खोचला होता. पहिल्या घावाला नुसता पोचा पडला. दुसऱ्याला तांबं फाटलं. कालचं उरलेलं पाणी भळाभळा वाहून विठ्ठलरावांच्या पायांखालून मोरीत गेलं. तिनं तिसराही घाव घातला. त्याची गरज नव्हती. तिला बरं वाटलं.

साहेबांनी शिक्का मारला, पेढा घेतला आणि छत्री उघडून निघून गेले. मुकुंदराव बंबाकडे न बघता चपला शोधू लागले. बाहेर झड लागली होती, आणि ती चारपाच दिवस तरी हलेल असं दिसत नव्हतं.

विठ्ठलराव उघड्या अंगानं कुडकुडत होते. गॅसवर तरी पातेलंभर तापव, असं ते अगदी हळू म्हणाले. गॅसवरचं पाणी तुम्हाला बाधतं, तुम्हीच सांगून ठेवलंय, मालतीनं आठवण करून दिली. मग तिनं नव्या नळाखाली बादली भरली, बोट बुडवून पाहिलं, पाट मांडला, पाटाशेजारी तांब्या ठेवला. रोजच्याच आवाजात तिनं हाक दिली.

"पाणी काढलंय, मामंजी. गारच आहे. ऊन पडेल की कधीतरी, कुठं पळून जातंय?"