चकतीचा दात

"बारा वर्षं हे यंत्र तुमच्या हातात होतं आणि ते नऊ सेकंद चुकतंय," विनिता म्हणाली. "मला हे लिहावं लागेल."

होळीच्या चौकातल्या जुन्या सिग्नलची पेटी उघडी पडली होती. तिच्यासमोर तुळशीदास वायरमन उकिडवा बसला होता, मयताजवळ बसावं तसा. सकाळी त्यानं एकच विचारलं होतं, नवीन यंत्र गाड्या किती वेळ अडवतं. दहा सेकंद, असं विनितानं सांगितलं. तेव्हापासून तो जागचा हलला नव्हता आणि जुन्या पेटीला कुणाला हात लावू देत नव्हता. मुकादमानं तिला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हातारा आडमुठा आहे, नवीन काही आलं की त्याच्या पोटात दुखतं.

विनिता कंपनीची इंजिनीयर, जूचंद्रला राहणारी. बारा वाजता उद्घाटन होतं. समोर बॅनर लागला होता, 'वसईकरांना दोन हजार तीनची भेट'. त्यावर चार चेहरे, चौघांच्याही अथक प्रयत्नांनी नवा सिग्नल आला म्हणे. त्या चौघांपैकी एकानं जरी हा रस्ता कधी पायी ओलांडला असेल तर शपथ. नारळ फुटायच्या आत विनिताला जुन्या यंत्राचा अहवाल द्यायचा होता. त्यात 'हलगर्जी' हा शब्द पडला की महिन्याभरात निवृत्त होणाऱ्या माणसामागे चौकशी लागणार, हे तिला कळत होतं. पण खोटं लिहायची तिला सवय नव्हती.

आणि सिग्नल तर गावभर बदनाम. रिक्षावाले म्हणत, इथे लाल लागला की चहा सांगावा, पिऊन कप परत करावा, तरी हिरवा होत नाही. टेंपोवाले तुळशीदासच्या सात पिढ्या उद्धरत पुढे जात. पुस्तकाच्या हिशेबानं एवढा रस्ता माणूस दहा सेकंदांत ओलांडतो. हा सिग्नल एकोणीस सेकंद गाड्या धरून ठेवी.

विनितानं वाकून पेटीतली चकती काढलीच. मोटरवर फिरणारी पितळी चकती, तिला कडेनं दात. दात खटक्याला टेकलेला असेल तोवर गाड्यांना हिरवा, दात सरकला की लाल. त्यातला एक दात पार झिजून नखाएवढा उरला होता. ती चकती भंगारात टाकणार, एवढ्यात तिचं बोट त्या दातावरून फिरलं. झीज गुळगुळीत असते. इथे ओरखडे लागत होते. कानशीचे, सरळ, एकाला लागून एक.

"हा दात तुम्ही घासलाय?"

"हो."

"का?"

तुळशीदास उठला. पापडीकडून सालोमी येत होती, साठी उलटलेली, डोक्यावर वाडीतल्या भाजीची पाटी. त्यानं तिला थांबवलं आणि पाटी जरा मॅडमच्या डोक्यावर दे म्हणाला. सालोमी हसली. हिचंच वजन पाटीएवढं, म्हणाली, पाटीच हिला घेऊन पडेल. तरी तिनं पदराची चुंबळ केली आणि दोघांनी पाटी चढवली.

नवीन यंत्र चाचणीवर चालू होतं. गाड्यांना लाल लागला. विनिता निघाली.

चौथ्या पावलाला तिला समजलं. डोक्यावर पाटी असली की मान वळत नाही. डावीकडून काय येतंय, उजवीकडून काय येतंय, काही दिसत नाही. धावता येत नाही. समोरच्या दिव्यावर भरवसा ठेवायचा आणि पाय टाकत राहायचं, एवढंच हातात असतं.

ती रस्त्याच्या मधोमध होती तेव्हा तिनं स्वतः बसवलेल्या यंत्राचे दहा सेकंद संपले.

कानाशी टेंपो गुरगुरला. तिला वळून बघता येईना. टेंपो अंगावर आला नाही, का ते तिला ड्रायव्हरच्या शिव्यांवरून कळलं. शिव्या तुळशीदासला होत्या. तो टेंपोपुढे आडवा हात करून उभा होता.

पलीकडे पोचल्यावर पाटी उतरवून ती कट्ट्यावर बसली. बारा वर्षांत या चौकात पाटीवाली एकही बाई चाकाखाली आली नव्हती. त्याचं श्रेय कुणी मागितलं नव्हतं, कारण ते कुणाला दिसलंच नव्हतं. ज्यांनी पुस्तक लिहिलं त्यांनी पाटी उचलली नव्हती. ज्यानं पाटी बघितली त्याच्याकडे पुस्तक नव्हतं, नुसती कानस होती. आणि त्या कानशीवर तो बारा वर्षं शिव्या खात गेला, एका शब्दानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहिल्या आठवड्यात नवी चकती बसवली असती साहेबांनी.

विनितानं अहवालाचा कागद फाडला. रस्ता ओलांडून ती नव्या पेटीशी आली, बटणं दाबली आणि पडद्यावर एकोणीसचा आकडा आणला. मग बाजूला सरकली, त्याला दिसावं म्हणून.

तुळशीदासनं चष्मा वर करून आकडा वाचला.

"एकोणीस नको, बाय. सव्वीस कर."

"काका, अजून?"

"एकोणीस मी बारा वर्षांपूर्वी घासला. तेव्हा सालोमीचे गुडघे धड होते." त्यानं चकती हातात घेतली आणि नखाएवढ्या दातावरून अंगठा फिरवला. "आता घासायला दातच उरला नाही. म्हणून तर सहा वर्षं नव्या यंत्रासाठी अर्ज करत होतो."