आगीचे फेरे

"लग्न ठरलेल्यांनी पुढे यावं," मोठ्या चर्चच्या अंगणात आग पेटवून पाद्रीबाबांनी हाक दिली. आर्मेनियातल्या त्या डोंगरी गावात हिवाळा सरताना नवी जोडपी हात धरून आगीला फेरे घालत, मग तिच्यावरून उडी मारत.

विधुर ह्रांत पलीकडे उभ्या असलेल्या सातेनिककडे बघत होता. सण आटोपला की तिचा मुलगा तिला कायमची शहरात नेणार होता. हिवाळाभर ह्रांतला तिला लग्नाचं विचारायचं होतं, पण तोंड उघडत नव्हतं. शेवटी तीच त्याच्यापाशी आली.

"गेलेल्या नवऱ्याच्या नावानं मेणबत्ती लावायला टेकडीवरच्या पडक्या चर्चमध्ये मी एकटीच जाते. मग रोज पहाटे तिथवरचा बर्फ कोण झाडतं रे?"

"वारा असेल," तो पुटपुटला.

"आणि मी घसरू नये म्हणून पायऱ्यांवर राखही वाराच पसरतो? चल, हात दे."

"अगं, पण आपलं कुठे ठरलंय?"

"फिरता फिरता ठरवू."

दोघांचे गुडघे कुरकुरले, गावानं टाळ्यांचा ठेका धरला. दुसरा फेरा पुरा होईस्तोवर तिचा मुलगा गाडीतून आईच्या पेट्या उतरवायला लागला होता.