कुलपाआडचा झरा

फाटकाला नवंकोरं कुलूप होतं, आणि आत आंब्याखाली झरा आपला वाहतच होता. बाहेर चंद्राबाईची शेरडं गजांना नाकं लावून ओरडत होती.

पासली गावाच्या वरच्या धनगरवाड्यावर मिशनमधून औषधाची पेटी घेऊन येणाऱ्या सिस्टर जसिंताला म्हाताऱ्या चंद्राबाईनंच हाताला धरून इथं आणलं होतं. "तुमी शिकल्याल्या. तुमचं ऐकत्याल." जसिंतालाही वाटलं, ऐकतील. माणसंच आहेत ना! मागणं तरी केवढंसं, जनावरांना घोटभर पाणी.

"दादा, दिवसातून एकदा तरी उघडा," ती म्हणाली.

फाटकाच्या आत बसलेला राखणदार धनाजी खालच्याच गावचा, याच वाड्यावरचं ताक पिऊन वाढलेला. त्यानं मान वर केली नाही. "सिस्टर, त्यो क्यामेरा बघा. मालक मोबाईलवर समदं बघतोय. उघडलं की माझी भाकरी गेली."

"पण पिढ्यान्‌पिढ्या यांचीच गुरं पितात ना इथं?"

"व्हय. पर मालकानं जमीन घेतली, मोजणीवाले आले, तवा ह्यांनीच घोटाळा केला. सायबानं इचारलं, ह्यो झरा कुनाचा? तर हिचा नवरा हात जोडून म्हनला, देवाचा!"

"मंग काय सांगायचं व्हतं?" चंद्राबाई उसळली. "झऱ्याला कुनी आपला म्हनतं व्हय? पाप लागंल! आमच्यात कवा कुनी म्हनलंच न्हाई." मग तिचा आवाज खाली आला. "आता नदीवर न्यायची, तर वर चढस्तवर व्यायल्याली शेरडं मरत्याल. इकायची आन् डोंगर सोडायचा, दुसरं काय?"

 सकाळीच जसिंतानं वाड्यावरच्या बायांना सांगितलं होतं, देव पिचलेल्यांची हाक आधी ऐकतो. काय जोर होता तेव्हा आवाजात! आता एक करडू फाटकाशी गुडघे मोडून बसलं, आणि तिला मालकाचा राग आला, धनाजीचा आला, स्वतःच्या गोड बोलण्याचा आला. खरं सांगायचं तर देवाचाही आला.

"मावशी, मी प्रार्थना करीन तुमच्यासाठी," ती कशीबशी म्हणाली. हातात दुसरं होतं तरी काय?

धनाजीला तिची दया आली असावी. तो झऱ्याकडं गेला, बाटली भरली आणि गजांतून पुढं केली. "घ्या, सिस्टर. तुमी पाव्हण्या. तुमाला कोन न्हाई म्हनंल?"

थंडगार बाटली हातात आली, तशी शेरडांनी तिला घेरलं. पांढरा झगा ओढू लागली. तिनं घाईघाईनं बाटली चंद्राबाईपुढं धरली.

म्हातारीनं ती परत तिच्याकडंच सारली.

"प्या, बाई," ती म्हणाली. "तुमच्या देवाशी बोलायचं हाय ना? तोंड तरी ओलं ऱ्हाऊ द्या."