आखूड पाय

उजवा खुबा वर्षभर ठणकत होता, म्हणून शेवटी ती हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिला खोलीत चालायला लावलं आणि म्हणाले, "डावा पाय आखूड दिसतोय. चालताना कंबर डावीकडे कलते आणि सगळा भार उजव्या खुब्यावर येतो." मग टेप लावून त्यांनी दोन्ही पाय मोजले, पुन्हा मोजले. दोन्ही अगदी सारखे निघाले.

"कमाल आहे! घरात कोणी असं चालायचं का?"

"बाबा. त्यांचा डावा पाय खरंच आखूड होता." तिला हसू फुटलं. "मला शाळेत सोडायला तेच यायचे. त्यांचं बोट धरायचं, तर त्यांच्यासारखंच डुलत चालावं लागायचं. नाहीतर बोट सुटायचं."

"मग ही नुसती सवय आहे. व्यायाम शिकवतो, दोन-तीन महिन्यांत चाल सरळ होईल."

घरी येऊन तिने आईला हे सगळं हसत हसत सांगितलं. आई मात्र हसली नाही. शेंगा सोलता सोलता तिचे हात थांबले.

"दुखतं ना तुला? मग कर बाई व्यायाम," आई म्हणाली. आणि पुन्हा शेंगा सोलायला घेत, हळूच, "फक्त आपला जिना चढताना एवढ्यात सरळ चालू नकोस. तुझी पावलं वाजली की मला अजून वाटतं, हेच आले."