मीटरवर तेरा

नवी बॅटरी किती वेळ टिकते ते बघायला तातोबाने तिला ट्रॅक्टरच्या हेडलाइटचे पाच बल्ब जोडले. बायकोचं ऑक्सिजनचं मशीन खातं तेवढीच वीज हे पाच बल्ब खाणार होते. वाडीवर लाइट नव्हती आणि सोलरच्या जुन्या बॅटऱ्या कालच बसल्या होत्या. तेव्हापासून ती सिलिंडरवर होती. त्याचा काटा आता लाल पट्टीत आला होता.

तीस वर्षं त्याने ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त केल्या होत्या. ॲसिडची बॅटरी उतरायला लागली की मीटरचा आकडा घसरतो, बल्ब पिवळा पडतो, धावपळ करायला तासभर मिळतो. ही लिथियमची बॅटरी मात्र पहिल्यांदाच हाताखाली आली होती.

सकाळी दहा वाजता मीटरवर तेरा व्होल्ट. बाराला तेरा. दोनलाही तेराच. दर वेळी मीटर बघून झाला की तो खाटेकडे वळून विचारायचा, "बरं वाटतंय ना?"

"बरंय," ती म्हणायची.

अडीचच्या सुमारास पाचही बल्ब एकदम विझले. आधी जरासुद्धा पिवळे पडले नाहीत.

तो मीटर हातात धरून म्हणाला, "साडेचार तासांत संपली. आणि शेवटपर्यंत तेराच सांगत होती मेली. रात्री अशी गेली तर मला कळणार कसं?"

"माझ्याच वळणावर गेलीय म्हणायची," ती खाटेवरून हळूच म्हणाली.

तातोबा हसला नाही. या वेळी त्याने तिला काही विचारलंही नाही. मीटर खाली टाकून त्याने तिचा हात दाराच्या उजेडात ओढला.

नखं निळी पडली होती.