चौथा ठोका

भूकंपात कोणतं घर तग धरेल हे तपासणारे इंजिनीअर हातोडीने भिंती ठोकून बघत होते. भजनाचा ठेका धरल्यासारखे चार-चार ठोके द्यायची त्यांची सवयच होती.

"ही काठी कुणाची हो?"

"आईची. ती हल्ली बहिणीकडे असते, मजेत आहे," घरमालक म्हणाला. "आणि साहेब, ती शेवटची खोली राहू द्या. नुसती अडगळ भरलीय, कुलपाची किल्लीही सापडत नाही."

"असू द्या, भिंत काय, बाहेरूनही बोलते!" हसत त्यांनी हातोडी उचलली. तीन ठोके पडले.

चौथा आतून आला. अगदी क्षीण, पण बरोबर ठेक्यात.



"माउली, दारापासून जरा मागे सरा," म्हणत त्यांनी हातोडी कुलपावर घातली.